काउन्सिलर व्हायचंय, पण लायसन नेमकं कुठलं?

पत्र खानापूर तालुक्यातनं आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे म्हणून नाव नाही आणि गावही नाही. थोडं कापून देते:

"ताई, मी बेळगावात बी.ए. करतेय, सायकॉलॉजी, शेवटचं वर्ष. शाळा मराठी मीडियमची. मला काउन्सिलर व्हायचंय पण नीट लायसन घेऊन, उगीच पाटी लावून नाही. मावसबहीण न्यूयॉर्कला असते, ती म्हणते इथं ये, दोन वर्षं मास्टर्स कर की लायसन मिळतंय, पण पप्पा म्हणतात शेत विकावं लागंल. इन्स्टावर तीन महिन्यांचा एक कोर्स आहे, अठरा हजार फी, सर्टिफाईड काउन्सिलर म्हणून देतात. मैत्रीण म्हणते डिस्टन्सनं एम.ए. कर आणि घरी बस. धारवाडला जावं म्हणलं तर मला कन्नड नीट येत नाही, वाचता येतंय पण बोलायला गेलं की ततपप होतंय. आणि आजी म्हणते वेड्यांत बसून तू पण वेडी होशील. काय करू?"

अगं, आजीच्या वाक्याला हसू आलं, त्याच्याकडं शेवटी येते. आधी लायसनचं बघू, कारण तू एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना लावलायस आणि तुझा निम्मा गोंधळ तिथंच आहे.

आपल्या देशात 'काउन्सिलर' या शब्दावर आजच्या घडीला तसा कुणाचा पहारा नाही. उद्या गणपत गल्लीत कापडाच्या दुकानावरच्या माडीवर कुणी 'समुपदेशन केंद्र' म्हणून पाटी लावली तर लायसन दाखव म्हणून कुणी जिना चढून येणार नाही. पहारा आहे तो 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' या नावावर, म्हणजे मानसिक आजार तपासून गोळ्यांशिवाय उपचार करणारा माणूस. त्याचं रजिस्टर आरसीआय ठेवते, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, १९९२ च्या कायद्यानं. त्या रजिस्टरात नाव नसताना ती प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं कायद्यात लिहिलंय (हजार रुपये वाचून हसू नको, कायदा ब्याण्णवचा आहे). २०१७ चा मेंटल हेल्थकेअर कायदा पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं हे सांगताना आरसीआयनं मान्य केलेल्या शिक्षणाकडंच बोट दाखवतो.

मग तिथं पोचायचं कसं? आजवरचा रस्ता असा होता की सायकॉलॉजीत एम.ए. नाहीतर एम.एस्सी., निदान ५५ टक्के, आणि त्याच्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. इन क्लिनिकल सायकॉलॉजी, ती पण हॉस्पिटलात राबून. आता मधेच झालं काय की यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एम.फिल.च बंद केली, मग या विषयाला आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला तेवढी २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली, आणि आरसीआयनं त्या जागी क्लिनिकल सायकॉलॉजीची नवीन एम.ए. आणि चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स असे कोर्स आणले. तू नेमकी या सांध्यात सापडलीयस. म्हणून कुणी सिनिअर 'मी असं केलं' म्हणून सांगत असली तर ऐकून घे, पण तिचा रस्ता तुझ्यासाठी तसाच उघडा असेल असं धरू नको. आरसीआयच्या साईटवर कुठल्या संस्थेला कुठला कोर्स मान्य आहे त्याची यादी असते, ॲडमिशनच्या आधी ती स्वतः उघडून बघायची, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि तिसरा कायदा आलाय २०२१ चा, ॲलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा. त्याच्या यादीत क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट, बिहेविअरल हेल्थचे काउन्सिलर, सायकियाट्रिक सोशल वर्कर असे सगळे घेतलेत. म्हणजे माडीवरच्या पाटीला पण पहारेकरी येणार आहे. तू कामाला लागशील तेव्हा 'डिग्री कुठली, रेग्युलर का' हा प्रश्न विचारला जाणार असं धरूनच चाल.

त्यामुळं मैत्रिणीचा सल्ला तर निकालातच निघाला. याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाईन प्रवेश थांबवलेत. घरी बसून एम.ए. हा मार्गच राहिला नाही. मला वैयक्तिक विचारशील तर बरं झालं, आधीच्या डिस्टन्सवाल्यांत चांगली माणसं पुष्कळ आहेत, पण समोर माणूस बसल्याशिवाय हे काम कसं शिकणार, पोहायला तळ्यात उतरावंच लागतं की.

इन्स्टावाला कोर्स. अठरा हजार रुपये तुझ्याकडं जास्तीचे असले तर कन्नडची शिकवणी लाव आणि उरलेल्यात धारवाडला खोली बघ. माझ्याकडं पण असलं एक सर्टिफिकेट आहे, कुणाचं ते सांगत नाही, दोन रविवार होते, जेवण चांगलं होतं. कोर्स वाईट असतात असं नाही, शाळेतल्या बाईंना, नर्सला, आशा वर्करला अशा थोड्या माहितीचा उपयोग होतो. पण 'सर्टिफाईड' म्हणजे 'लायसन्स्ड' नव्हे, ते सर्टिफिकेट त्यांचं त्यांनीच छापलेलं असतं.

आता न्यूयॉर्क. मावसबहीण खोटं बोलत नाही, पण निम्मंच सांगतेय. तिकडं त्या राज्यात लायसनचं नावच लायसन्स्ड मेंटल हेल्थ काउन्सिलर असं आहे आणि पाटीवर ते नाव लावायला लायसन लागतंच. त्यासाठी ६० क्रेडिटची मास्टर्स, त्यात निदान ६०० तास प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिप, मग डिग्री हातात आल्यावर परत ३००० तास देखरेखीखाली काम आणि वर क्लिनिकल परीक्षा. दोन वर्षांत मास्टर्स होईल, लायसन नाही. आणि तू जाणार स्टुडंट व्हिसावर. शिक्षणानंतर काम करायची मुभा साधारण १२ महिने, इंजिनिअरिंगवाल्या पोरांना जी जास्तीची दोन वर्षं मिळतात ती या कोर्सला साधारण मिळत नाहीत. मग कर हिशोब, आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, गणपतीला पण सुट्टी न घेता २०८० होतात, ३००० ला कुठं पोचलीस? पुढचं कुणीतरी व्हिसा स्पॉन्सर केला तर. शिवाय तिथलं लायसन राज्याराज्याचं असतं, न्यूयॉर्कचं लायसन शेजारच्या न्यू जर्सीत पण आपोआप चालत नाही आणि इथं परत आलीस तर आरसीआयच्या रजिस्टरात त्यानं नाव चढत नाही. ज्याला तिथंच राहायचंय आणि ज्याच्यामागं पैसा आहे त्यानं खुशाल जावं. तुझ्या पत्रात मला तिथं राहायची इच्छा कुठं दिसली नाही, लायसनची दिसली. तेवढ्यासाठी पप्पांचं शेत विकू नको.

पण न्यूयॉर्कवाल्यांकडनं एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे हा तासांचा हिशोब. कुठल्याही कोर्सला जाशील तिथं दोन प्रश्न विचार. मी किती तास खऱ्या माणसासमोर बसणार, आणि मी काय केलं ते नंतर कोण तपासणार. बिल्डिंग, रँकिंग, प्लेसमेंट सगळं नंतर. उत्तर देताना समोरचा माणूस 'ते होतं हो सगळं' म्हणाला की समजून घे.

हे एवढं का सांगतेय, तर माझी पहिली केस ऐक. (माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.) एम.ए.चं दुसरं वर्ष, एक काका आले, पन्नाशीचे, बायको जाऊन आठ महिने झालेले, झोप नाही. मी कार्ल रॉजर्स, म्हणजे काउन्सेलिंगच्या पुस्तकातला मोठा माणूस, पाठ केलेला, सहसंवेदना, विनाअट स्वीकार, प्रामाणिकपणा, पेपरात सोळापैकी चौदा मार्क. आणि पाचव्या मिनिटाला मी त्या काकांना म्हणाले, "काका, सकाळी जरा फिरायला जावा, मोकळं वाटेल." ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, रात्री तीनला लाईट येते, तवापास्नं उसात पाणी पाजत फिरतोय मी. अजून किती फिरू?"

ते परत आले नाहीत. मला ते सेशन शब्दन् शब्द लिहून मॅडमना द्यायचं होतं, व्हर्बेटिम म्हणतात त्याला, ते म्हणाले काय, मी म्हणाले काय, गप्प किती वेळ होतो ते सुद्धा. मॅडमनी लाल पेनानं काही झाडलं नाही, फक्त एका जागी गोल केला. काका म्हणालेले, "ती असताना चहा दोन कप व्हायचा." त्याच्यावर मी काहीच बोलले नव्हते, सरळ झोपेचे तास विचारले होते. मॅडम म्हणाल्या, दार त्यांनी इथं उघडलं होतं आणि तू खिडकी मोजत बसलीस. असला गोल तुझ्या वहीवर कुणी तरी काढला पाहिजे गं, अठरा हजारात तो मिळत नाही. इंग्रजीत याला सुपरव्हिजन म्हणतात, पण सुपरवायझर म्हणलं की आपल्याकडं कारखान्यातला माणूस डोळ्यापुढं येतो, तसलं काही नाही ते.

बाकी एम.ए.त काय शिकवतात ते तुला थोडंफार माहीतच असणार. केस हिस्टरी घेणं, मानसिक स्थिती तपासणं, टेस्ट, बेकची सीबीटी आणि एलिसची आरईबीटी, म्हणजे विचार करायची पद्धत बदलायचे उपचार (आरईबीटीला मराठीत विवेकनिष्ठ उपचार म्हणतात, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळं आणि डॉ. आनंद नाडकर्णींमुळं आपल्याकडं हे बरंच पोचलंय). पुस्तकं इंग्रजीत आहेत, पहिले सहा महिने जड जातात, मराठी मीडियमच्या सगळ्यांना जातात, नंतर जात नाहीत. त्याच्यावर एवढंच.

खरं अडलंय ते कन्नडवर, आणि पत्रात तू ते एका ओळीत उरकलंयस.

बघ, इथं १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, कोण काळी फीत लावतंय, कोण लाल-पिवळा झेंडा घेऊन चन्नम्मा चौकात जातंय, आपल्या घरातलं वातावरण कसलं असतं ते मला नव्यानं सांगायला नको, मी पण त्याच घरातली. मराठी सोड असं मी म्हणणार नाही, उलट तुझं मराठी हीच तुझी मोठी कमाई होणार आहे. चंदगडची माणसं कोल्हापूर लांब म्हणून बेळगावात दवाखान्याला येतात, खानापूरची, येळ्ळूरची, उचगावची येतात, आणि 'काळजात कालवाकालव होतीया' असं सांगितल्यावर ते लगेच कळणारं माणूस समोर असलं की त्यांचा चेहरा सैल पडतो. पण त्याच बाकावर बैलहोंगलची बाई बसलेली असते, गोकाकचा पोरगा असतो. त्यांना काय सांगणार, पाटी दाखवणार?

मी शिकत असताना एक बाई आली होती, कन्नडच बोलणारी. माझं कन्नड तेव्हा तुझ्यासारखंच, म्हणून तिचा मुलगा मधे बसला दुभाषा म्हणून. बाई पाच मिनिटं बोलली. पोरगा म्हणाला, "कंटाळा आलाय म्हणते." एवढंच! मी लिहून घेतलं, कंटाळा. शेजारच्या टेबलावरच्या सिनिअरनं लांबनं ऐकलं होतं, ती उठून आली, मुलाला चहाला पाठवलं आणि बाईजवळ बसली. बाईचा शब्द होता 'ब्यासर'. मराठीत त्याला कंटाळा म्हणलं तर अर्धं सुटतं आणि दुःख म्हणलं तर जरा जास्त होतं. आणि त्याच्यानंतर ती म्हणाली होती 'साकागेद', म्हणजे पुरे झालं. कशाचं पुरे झालं? सिनिअरनं सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का. बाई हो म्हणाली. लेकरासमोर ती ते कसं सांगणार होती, आणि त्यानं तरी ते आपल्या तोंडानं मला कसं सांगावं? (आणि असं विचारल्यानं डोक्यात विचार शिरतो ही भीती काढून टाक. शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. हे पण कोर्समध्ये पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळतेच, म्हणून तर शिकायचं.)

त्या दिवसापासनं मी कन्नड शिकायला लागले. व्याकरणाचं पुस्तक घेऊन नाही, शहापूरच्या भाजी मार्केटात आणि बसमध्ये. तुला तर वाचता येतंय, माझ्यापेक्षा पुढं आहेस. आणि ततपप होण्याची लाज नको, धारवाडकडची माणसं तुटक कन्नड बोललं तरी कौतुकानं ऐकतात असा माझा तरी अनुभव आहे. 'मला नीट येत नाही, सावकाश सांगा' असं कन्नडातनं म्हणायला आधी शिक. गंमत म्हणजे काउन्सिलरला शोभेल असंच वाक्य आहे ते, कारण भाषा येत असली की आपल्याला वाटतं सगळं कळलं, येत नसली की परत परत विचारतो.

आणि पोटापाण्याचं पण बघ की. कर्नाटकात सरकारी काम पाहिजे तर कन्नड लागतंच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला, त्याचा नमुना आपल्या कर्नाटकातल्या बळ्ळारीचा. आज सिव्हिल हॉस्पिटल, तालुका हॉस्पिटलातला मंगळवारचा मनोचैतन्य दवाखाना, एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रातले काउन्सिलर, टेली-मानसची १४४१६ ची सरकारी मदतीची फोनलाईन, शाळा, अशा सगळीकडं दोन-तीन भाषांची माणसं लागतात. बंगळूरची इंग्रजीत फाड फाड बोलणारी पोरगी तिथं चालत नाही, मराठी-कन्नड दोन्ही जाणणारी खानापूरची चालते.

त्यामुळं माझं मत सरळ आहे, धारवाडला जा. कर्नाटक युनिव्हर्सिटीचा सायकॉलॉजी विभाग तिथं, ब्रिटिश काळापासनंचं मनोरुग्णालय, ज्याला आता डिमहान्स म्हणतात, ते तिथं, आणि खानापूर स्टेशनात गाडीला बसलीस की लोंढा, अळणावर करत धारवाडला उतरतेस. एम.ए. किंवा एम.एस्सी. रेग्युलर कर, क्लिनिकलकडं जायचं का काउन्सेलिंगकडं ते पहिल्या वर्षाच्या शेवटी ठरव, तोवर वॉर्डात बसून बघितलेलं असेल. क्लिनिकल ठरलं तर आरसीआयच्या यादीतला कोर्स आणि त्याची प्रवेश परीक्षा, बंगळूरच्या निम्हान्सपासनं (मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था) सगळीकडं अर्ज टाक, जागा थोड्या असतात, पहिल्या वर्षी नाही लागलं तरी रडत बसायचं नाही. काउन्सेलिंग ठरलं तर नाव 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' एवढंच लाव, क्लिनिकल शब्दाला हात लावू नको, भले शेजारी लावत असला तरी. पुण्याला पण चांगलं होतं, भाषेची अडचण नाही, फक्त मग परत इथं येऊन काम करायचं असेल तर कन्नडचं घोडं तिथंच अडणार, ते आत्ताच समजून जा.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण सांगते. छोट्या गावात हे काम करताना गुप्तता पाळणं फार अवघड आहे. कायद्यानं पण ती पाळायची आहेच, २०१७ च्या कायद्यात पेशंटचा तो हक्कच दिलाय. पण खानापूर-बेळगाव बसमध्ये तुझ्या शेजारच्या सीटवर तुझी क्लायंट आली आणि पुढच्या सीटवर तिची सासू असली तर? तिनं ओळख दाखवली तर दाखवायची, नाही दाखवली तर खिडकीतनं बाहेर बघायचं. लग्नकार्यात काकू विचारणार, अमक्याची सून तुझ्याकडं येते म्हणे. हो पण नाही, नाही पण नाही. आणि नात्यातल्या माणसाला क्लायंट म्हणून घ्यायचं नाही, दुसऱ्याकडं पाठवायचं, कितीही म्हणाले 'घरचीच आहेस की' तरी. मला यावरनं दोन घरांनी हळदीकुंकवाला बोलवणं सोडलंय.

तसंच सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आलेली, अंगारा लावलेली माणसं तुझ्याकडं येणार. त्यांना हसायचं नाही आणि तिकडं जाऊ नका म्हणून भाषण पण द्यायचं नाही. कधी गेलात, काय मागितलं, एवढं विचार, अर्धी हिस्टरी तिथंच मिळते. फक्त गोळ्या चालू असतील तर त्या बंद करायच्या नाहीत हे मात्र स्पष्ट सांगायचं, आणि गोळ्या लिहून देणं आपलं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकाराच्या डॉक्टरचं, हे स्वतःला पण सांगायचं.

आता आजी. वेड्यांत बसून वेडी होशील म्हणतात, त्यात थोडं खरं आहे, म्हणजे दिवसाला पाच माणसांचं ऐकलं की संध्याकाळी घरच्यांचं ऐकायला कान शिल्लक राहत नाही. म्हणून शिकताना स्वतः पण कुणाकडं तरी जाऊन बसायचं असतं, क्लायंट म्हणून. मी दीड वर्ष जात होते, घरी सांगितलं होतं टायपिंगचा क्लास आहे. तू आजीला खोटं सांगू नको. एकदा दुपारी त्यांच्याजवळ बस आणि विचार, तुमच्या वेळी बाळंतपणानंतर बाई गप्प गप्प झाली, पोराला जवळ घेईना झाली, तर काय करत होता. आणि मग मधे बोलू नको. वीस मिनिटं गप्प राहता आलं का ते मला कळव, तुझी प्रवेश परीक्षा मी तीच धरते.

शेवटच्या सेमिस्टरचा अभ्यास सोडून धारवाडला पळू नको मात्र. पेपर संपले की एक दिवस काढ, पप्पांना बरोबर घे, विभागात जाऊन वर सांगितलेले दोन प्रश्न विचार, मिळालं तर दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठून तेच परत विचार, उत्तरं जुळतात का बघ. आणि रिक्षावाल्याशी कन्नडातनं बोल, पप्पा हसले तरी.